टार्टरस आणि कचारगड

जन्मलेल्या लेकरांना बापाने किंवा सत्ताधीशाने पृथ्वीच्या पोटात कोंडून ठेवावे, आईने त्यांच्यासाठी आकांत करावा आणि अखेर कोणीतरी तो बंदिवास फोडून जगाची नवी घडी बसवावी, ही कल्पना जगातील अनेक पुराणकथांच्या मुळाशी आढळते. त्यांपैकी दोन कथा शेजारी शेजारी ठेवून वाचण्याजोग्या आहेत. पहिली प्राचीन ग्रीकांची, म्हणजे देव आणि टायटन यांच्यातील दहा वर्षे चाललेल्या युद्धाची. दुसरी गोंड समाजाची, गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात दरेकसा गावाजवळ असलेल्या कचारगडच्या गुहेची. या दोन कथांनी एकमेकींकडून काही घेतले असे मानण्यास आधार नाही, आणि तसे दाखवणे हा या लेखनाचा हेतूही नाही. मात्र एकाच पेचातून दोन समाजांनी दोन वेगळ्या वाटा काढल्या, आणि ज्या वाटेने ते बाहेर पडले तिच्यावरूनच त्यांची व्यवस्थेविषयीची, म्हणजे माणसे एकत्र कशाच्या बळावर नांदतात याविषयीची समजूत घडली, एवढे या तुलनेतून निश्चित दिसते.

ग्रीक कथेचा सर्वांत जुना आणि सलग उपलब्ध असलेला पाठ हेसिअड या कवीच्या ‘थिऑगनी’ या काव्यात आहे. हेसिअड हा मध्य ग्रीसमधील बिओशिया प्रांतातल्या अस्क्रा गावचा, स्वतः शेतीभातीत वाढलेला कवी असून त्याचा काळ सर्वसाधारणपणे इ.स.पू. ७०० च्या आसपास मानला जातो. ‘थिऑगनी’ म्हणजे देवांची वंशावळ, आणि सुमारे एक हजार ओळींच्या या काव्यात विश्वाच्या आरंभापासून झ्यूसच्या राज्यापर्यंतचा वृत्तांत आला आहे. त्यानुसार गैया म्हणजे पृथ्वी आणि उरॅनस म्हणजे आकाश यांना अठरा अपत्ये झाली. त्यांत बारा टायटन, कपाळावर एकच डोळा असलेले तीन सायक्लोप्स, आणि प्रत्येकी शंभर हात व पन्नास मस्तके असलेले कॉटस, ब्रायेरिअस व गायीस हे तिघे भाऊ होते. उरॅनसला आपल्या या संततीचा पहिल्यापासूनच तिटकारा होता, म्हणून जन्मलेले प्रत्येक मूल तो पुन्हा पृथ्वीच्याच पोटात दडवून ठेवी आणि त्याला उजेडात येऊ देत नसे. पोटात कोंडलेल्या लेकरांच्या भाराने गैया आतल्या आत कण्हत राहिली, शेवटी तिनेच एक विळा घडवला आणि मुलांना बापाविरुद्ध उठण्याचे आवाहन केले. ते धाडस एकट्या क्रोनसने, म्हणजे टायटनांपैकी सर्वांत धाकट्याने केले आणि बापाला पौरुषहीन करून सत्ता आपल्याकडे घेतली.

सत्ता बदलली तरी कोंडण्याची रीत बदलली नाही. क्रोनसच्या राज्यातही सायक्लोप्स आणि शतहस्त भाऊ बंदिवासातच राहिले, आणि आपलाच मुलगा आपल्याला पदच्युत करील असे भविष्य ऐकून क्रोनसने बापापेक्षाही खबरदारीचा मार्ग पत्करला: पत्नी रियाला झालेली हेस्टिया, डिमीटर, हेरा, हेडीस आणि पोसायडन ही पाचही मुले त्याने जन्मताच गिळली. सहाव्या खेपेला रियाने बाळ झ्यूसला क्रीट बेटावर लपवले आणि बाळाऐवजी दुपट्यात गुंडाळलेला एक दगड क्रोनसच्या हाती दिला, जो त्याने न पाहताच गिळून टाकला. पुढे क्रोनसला सर्व मुले ओकावी लागली तेव्हा सर्वांत शेवटी गिळलेला तो दगड सर्वांत आधी बाहेर पडला, आणि झ्यूसने तो डेल्फी या तीर्थक्षेत्री खूण म्हणून रोवला. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ग्रीसभर हिंडून प्रवासवर्णन लिहिणाऱ्या पॉसेनिअसने डेल्फीत हा दगड पाहिला असून, तो फार मोठा नसल्याची, त्यावर रोज तेल ओतले जात असल्याची आणि सणावारी कच्ची लोकर वाहिली जात असल्याची नोंद त्याने केली आहे. मारुतीला तेल वाहणाऱ्या मराठी माणसाला ही पूजा मुळीच परकी वाटणार नाही.

यानंतर ‘टायटनोमाखी’ म्हणजे टायटनांचे युद्ध सुरू होते. ऑथ्रिस पर्वतावर क्रोनसच्या पक्षाचे टायटन आणि ऑलिंपस पर्वतावर झ्यूस व त्याची भावंडे, असे दोन्ही पक्ष थेसलीच्या मैदानापलीकडून दहा वर्षे एकमेकांशी झुंजत राहिले, पण पारडे कोणत्याच बाजूला झुकले नाही. तेव्हा गैयाच्या सल्ल्याने झ्यूसने शतहस्त भावांना बंदिवासातून मोकळे केले, देवांचे अन्न आणि पेय देऊन त्यांची गेलेली शक्ती परत आणली आणि केलेल्या उपकाराची आठवण देऊन त्यांना आपल्या बाजूने लढण्यास सांगितले. त्याआधीच सुटलेल्या सायक्लोप्सनी मेघगर्जना आणि वज्र झ्यूसला दिले होते. तिघा शतहस्त भावांनी तीनशे हातांनी एकाच वेळी तीनशे शिळांचा मारा केला, त्या वर्षावाखाली टायटन झाकले गेले, आणि युद्धाचा निकाल लागला.

निकालानंतर जे घडते ते युद्धापेक्षाही लक्षपूर्वक वाचावे असे आहे. पराभूत टायटनांना टार्टरसमध्ये, म्हणजे पाताळाच्याही खाली असलेल्या अंधाऱ्या खोलात, बेड्या घालून टाकण्यात आले. हेसिअड या खोलीचे मापही देतो: आकाशातून सोडलेली काशाची ऐरण नऊ दिवस आणि नऊ रात्री पडत राहून दहाव्या दिवशी पृथ्वीवर पोचेल, आणि पृथ्वीवरून सोडलेली तशीच ऐरण आणखी तितक्याच काळाने टार्टरसला पोचेल. या जागेभोवती काशाचे कुंपण आहे, तिच्या गळ्याशी रात्रीचे तीन वेढे आहेत, आणि पोसायडनने तिला काशाची दारे बसवली आहेत. त्या दारांपाशी झ्यूसचे विश्वासू पहारेकरी म्हणून राहतात ते कॉटस, ब्रायेरिअस आणि गायीस, म्हणजे ज्यांनी स्वतः अंधारात कोंडून राहण्याचे दुःख भोगले होते आणि ज्यांच्या सुटकेपासून या विजयाची सुरुवात झाली होती तेच तिघे.

ग्रीक कथेचा सगळा अर्थ या नेमणुकीत एकवटला आहे. उरॅनसपासून क्रोनसपर्यंत आणि क्रोनसपासून झ्यूसपर्यंत राजे बदलले, बंदी बदलले, बंद करण्याची जागा पृथ्वीच्या पोटातून बापाच्या पोटात आणि तेथून टार्टरसमध्ये गेली, पण तुरुंग मात्र कायम राहिला, इतकेच नव्हे तर प्रत्येक पिढीगणिक तो अधिक भक्कम होत गेला. हेसिअडला हे उणेपण वाटत नाही. त्याच्या दृष्टीने झ्यूसचे राज्य टिकले याचे कारणच हे की त्याने दार नीट लावले आणि पहाऱ्यावर योग्य माणसे ठेवली. स्वतःला अधिक बलवान मुलगा होईल या भीतीने झ्यूसनेही पुढे आपली पहिली पत्नी मेटिस हिला गिळले, म्हणजे आजोबांची आणि बापाची युक्ती त्याने टाकून दिली नाही, ती सुधारून वापरली. अशा सत्तांतराच्या कथा ग्रीकांच्याही आधी पश्चिम आशियात प्रचलित होत्या. आजच्या तुर्कस्तानातील हत्तुसा या हित्ती राजधानीच्या अवशेषांत सापडलेल्या मृत्तिकापट्टांवर कुमार्बी या देवाने आकाशदेव अनू याला पौरुषहीन करून राज्य मिळवल्याची कथा आहे, आणि तिचे ‘थिऑगनी’शी असलेले साम्य अभ्यासकांनी विसाव्या शतकात सविस्तर दाखवून दिले. राज्य हे मागच्या राजाला अंगभंग करून, गिळून किंवा गाडूनच मिळते, हा विचार त्या सगळ्या प्रदेशात मुरलेला होता असे दिसते.

आता दरेकसाकडे वळता येईल. नागपूरहून हावड्याकडे जाणारा लोहमार्ग गोंदिया आणि सालेकसा मागे टाकून छत्तीसगडच्या सीमेकडे जाऊ लागला की मैदानी भाताची शेते संपून साग, ऐन, मोह आणि बांबूने झाकलेल्या टेकड्या सुरू होतात, आणि या टेकड्यांतच महाराष्ट्राच्या अगदी पूर्व टोकाशी दरेकसा हे लहानसे स्थानक आहे. पावसाळ्यात जवळचा हाजरा धबधबा पाहण्यासाठी येथे गर्दी होते. एरवी गेल्या काही दशकांत दरेकसा हे नाव वृत्तपत्रांतून बहुधा नक्षलवाद्यांच्या ‘दलम’च्या म्हणजे सशस्त्र तुकडीच्या संदर्भातच छापले जात असे. गोंड समाजाच्या लेखी मात्र या परिसराची ओळख याहून फार जुनी आहे. दरेकसापासून काही किलोमीटरांवर धनेगाव हे गाव असून तेथून जंगलवाटेने चढून गेल्यावर डोंगराच्या कुशीत कचारगडची विशाल नैसर्गिक गुहा लागते. गुहेचे तोंड रुंद असून आतल्या दालनाच्या छताला एके ठिकाणी मोठे भगदाड आहे, त्यामुळे बराच भाग अंधारात असतानाही मधल्या जागेवर वरून सरळ उजेड उतरतो. येथेच आपले पूर्वज कोंडले गेले होते आणि येथूनच ते बाहेर पडले, अशी गोंडांची श्रद्धा आहे.

परंपरेने सांगितली जाणारी कथा थोडक्यात अशी. कली कंकाली या मातेची तेहतीस लेकरे जंगो रायताड या देवीच्या आश्रयाला होती. ही मुले फार खोडकर निघाली म्हणून शंभूने, म्हणजे महादेवाने, त्यांना या गुहेत घातले आणि तोंडावर प्रचंड शिळा लावून दिली. आई बाहेर रडत राहिली. पुढे पारी कुपार लिंगो, ज्याला गोंड आपल्या धर्माचा म्हणजे ‘कोया पुनेम’चा संस्थापक आणि आद्य गुरू मानतात, तो या लेकरांच्या सुटकेसाठी आला. शिळा बाहेरून हलवणे शक्य नव्हते आणि आतली मुले उपाशी, घाबरलेली आणि एकमेकांपासून तुटलेली होती. तेव्हा हिरासुका पाटालीर या वादकाने शिळेबाहेर उभे राहून आपली किंगरी वाजवण्यास सुरुवात केली. किंगरी म्हणजे गजाने वाजवायचे लहान तंतुवाद्य. ते सूर कानी पडताच आतल्या मुलांच्या अंगात बळ आले, सगळ्यांनी मिळून एकाच वेळी आतून जोर लावला आणि शिळा सुटून बाहेरच्या बाजूला कोसळली. मुले मोकळी झाली, परंतु शिळेसमोर वाजवत उभा असलेला हिरासुका तिच्याखाली चिरडून मेला. लिंगोने या तेहतीस जणांना आपले शिष्य केले, त्यांना ज्ञान दिले आणि त्यांच्यामार्फत कुळांची व्यवस्था लावून दिली.

या कथेचा एक वेगळा पाठ एकोणिसाव्या शतकातच कागदावर उतरला होता. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी १८४५ पासून नागपुरात काम करत होते. आजचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्यांनी एका परधानाकडून, म्हणजे गोंडांच्या वंशपरंपरागत गायकाकडून, लिंगोचे दीर्घ गीत गोंडीतून उतरवून घेतले होते, पण ते प्रसिद्ध होण्याआधीच १८६३ मध्ये ओढ्याच्या पुरात बुडून त्यांचा मृत्यू झाला, आणि मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी त्यांची टिपणे संपादित करून १८६६ मध्ये छापली. या गीतात गोंडांना कोंडण्याची तऱ्हा फार चमत्कारिक आहे. गोंड काहीही खातात आणि त्यांच्या वासाने आपले स्थान भरून गेले आहे, म्हणून महादेव त्रासतो आणि आपल्या अंगच्या मळापासून एक खार निर्माण करून ती त्यांच्यापुढे सोडतो. शिकारीची हौस असलेले गोंड काठ्या-दगड घेऊन तिच्या मागे धावतात, खार धवळगिरीच्या गुहेत शिरते, गोंडही आत शिरतात आणि मागून शिळा लावली जाते. फक्त चौघे भाऊ मागे राहिल्यामुळे वाचतात आणि काचीकोपा लोहागडला निघून जातात. गीतातील काचीकोपा लोहागड म्हणजेच कचारगड असे गोंड परंपरेत मानले जाते. इकडे पार्वतीला मात्र आपल्या गोंडांचा तो ओळखीचा वास येईनासा झाल्याने करमेनासे होते, आणि ती त्यांच्यासाठी तप आरंभते.

पुढे फुलातून जन्मलेला लिंगो त्या चौघांना भेटतो, त्यांना शेती आणि अग्नी यांची ओळख करून देतो, वाद्य वाजवून रानातल्या माणसांना मंत्रमुग्ध करतो. पण एका खोट्या आळामुळे तेच चौघे त्याचा खून करतात आणि अमृताने त्याला पुन्हा जिवंत केले जाते. आपल्याला मारणाऱ्यांचा सूड घेण्याऐवजी लिंगो कोंडलेल्या गोंडांना शोधायला निघतो. महादेवाकडे तो सुटकेची मागणी करतो तेव्हा महादेव समुद्रकाठच्या बिंदो नावाच्या प्रचंड पक्ष्याची पिल्ले आणून देण्याची अट घालतो. पिल्लांना दर वेळी खाऊन टाकणाऱ्या भौरनागाला लिंगो मारतो, कृतज्ञ पक्षी पिल्लांसह त्याला पंखांवर घेऊन येतो, आणि अट पुरी झाल्यामुळे महादेवाला गोंड सोडावे लागतात. म्हणजे या पाठातही सर्पाचा वध आहे, पराक्रम आहे, पण ज्याने कोंडले त्याच्याशी युद्ध नाही. शब्द दिला जातो, शब्द पाळला जातो आणि गुहा उघडते.

दोन्ही पाठांत फरक बरेच आहेत. हिस्लॉपच्या गीतात धवळगिरी, महादेवाची अट आणि बिंदो पक्षी आहे. कचारगडला सांगितल्या जाणाऱ्या कथेत किंगरी आणि हिरासुकाचे बलिदान आहे. परधान गायक गावोगावच्या यजमानांपुढे गात असत, त्यामुळे हिंदू देवतांची नावे आणि प्रसंग त्यांच्या गीतांत मिसळणे साहजिक होते. उलट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोतीराम कंगाली यांच्यासारख्या गोंड अभ्यासकांनी ही परंपरा समाजाच्या आतल्या दृष्टीने पुन्हा मांडली आणि ग्रंथरूपाने तिचे तत्त्वज्ञानही लिहून ठेवले. यांपैकी एकच पाठ खरा आणि दुसरा भ्रष्ट असे ठरवण्यात अर्थ नाही, कारण मौखिक परंपरेत कथा प्रत्येक गाणाऱ्याबरोबर नव्याने उभी राहते. दोहोंत समान उरते ते एवढेच: कोंडलेले लोक, शिळा, लिंगो, आणि मोकळे झाल्यानंतर मिळालेली कुळव्यवस्था.

या समान गाभ्यापाशी ग्रीक कथा आणून उभी केली तर पहिला फरक आईच्या कृतीत दिसतो. गैया कण्हते आणि विळा घडवते. कली कंकाली रडते आणि पार्वती तपाला बसते. दोन्ही ठिकाणी आईचे दुःखच कथेला गती देते, पण एका ठिकाणी ते शस्त्र होऊन मुलाच्या हाती जाते आणि दुसऱ्या ठिकाणी ते तिसऱ्या माणसाला हाक होऊन पोचते. दुसरा फरक शिळेचा आहे. टायटनांवर तीनशे शिळा बाहेरून येऊन पडतात आणि त्यांना गाडतात. कचारगडची एकच शिळा आतून ढकलली जाते आणि वाट मोकळी करते. शिळेखाली सापडणे दोन्हीकडे आहे, मात्र ग्रीक कथेत ती किंमत शत्रू मोजतो, गोंड कथेत ती सोडवणाऱ्यांपैकीच एक जण मोजतो, आणि तोही योद्धा नसून वादक असतो.

वादनाने किंवा गानाने गुहा फुटण्याची कल्पना भारतीय परंपरेत एकटी नाही. ऋग्वेदातील वलाच्या कथेत गुहेत कोंडलेल्या गायी मुक्त करण्यासाठी बृहस्पती आणि अंगिरस ऋषी वज्राबरोबरच स्तोत्रांचा घोष वापरतात आणि त्या घोषाने खडक फुटतो. तेथे मात्र गाणाऱ्याला काही गमवावे लागत नाही. गायी मिळतात, उजेड येतो आणि ऋषींची कीर्ती वाढते. हिरासुकाची कथा याहून कठोर आहे, कारण तिच्यात मुक्ती देणाऱ्या सुराला आणि सुराच्या धन्याला एकाच क्षणी विराम मिळतो. म्हणूनच परधान आपली परंपरा हिरासुकापर्यंत नेतात आणि गोंड यजमान परधानाला दान देतो तेव्हा ती केवळ कलावंताची बिदागी राहत नाही. आपण मोकळे आहोत याची ती फेड असते. किंगरी आणि तिच्याहून मोठा, गोंडांच्या बडादेवाच्या पूजेत वाजवला जाणारा बाना हा तंतुवाद्याचा प्रकार, ही दोन्ही परधानाची वाद्ये आजही या नात्याची साक्ष देतात, आणि गोंडांचे देव, कुळे व वंश यांची आठवण शतकानुशतके लेखणीने नव्हे तर याच वाद्यांच्या साथीने टिकली आहे.

सर्वांत महत्त्वाचा फरक सुटकेनंतरच्या पहिल्या कामात आहे. झ्यूसचे विजयानंतरचे पहिले काम म्हणजे पराभूतांना कोंडणे, आणि त्यानंतर देवांमध्ये मानपानाची वाटणी करणे. लिंगोचे पहिले काम म्हणजे मोकळ्या झालेल्यांना नात्यांत बांधणे. गोंड समाज ‘सगा’ या गटांत विभागलेला आहे. सगा म्हणजे ठरावीक संख्येचे देव मानणाऱ्या कुळांचा समूह, उदाहरणार्थ चार देव, पाच देव, सहा देव आणि सात देव मानणारे. एकाच सगातील माणसे एकमेकांची भावंडे समजली जातात, त्यामुळे त्यांच्यात विवाह होत नाही आणि सोयरिकीसाठी दुसऱ्या सगाच्या दारी जावेच लागते. परंपरा कुळांची संख्या साडेसातशे सांगते, आणि प्रत्येक कुळाशी झाड, प्राणी किंवा पक्षी अशी चिन्हे जोडून देते, ज्यांना त्या कुळाने इजा करायची नसते. हिस्लॉपच्या गीतात मोकळे झालेले गोंड पुराची नदी ओलांडताना कासवाने त्यांना वाचवल्याचा प्रसंग असून, कासवाला न मारण्याचे वचनही त्यात आहे. या व्यवस्थेचे मर्म असे की तिच्यात कोणताही गट स्वतःपुरता पुरा पडत नाही; घर चालवायचे तर दुसऱ्या गटाची मुलगी हवी, देवपूजा करायची तर परधानाचे वाद्य हवे, आणि रानात राहायचे तर ज्याला मारायचे नाही असा एखादा जीव प्रत्येकाच्या वाट्याला आला पाहिजे. झ्यूसची घडी कुलपाच्या आधारावर उभी आहे, लिंगोची परस्परांच्या गरजेवर.

अर्थात या तुलनेतून गोंड परंपरेला निव्वळ अहिंसक आणि ग्रीक परंपरेला निव्वळ क्रूर ठरवणे हा उथळपणा होईल. गढा, देवगड आणि चांदा येथील गोंड राजघराण्यांनी किल्ले बांधले, सैन्ये पोसली आणि लढाया केल्या; गढा-मंडल्याची राणी दुर्गावती १५६४ मध्ये अकबराच्या फौजेशी लढताना धारातीर्थी पडली, आणि तिची स्मृती गोंड समाज अभिमानाने जपतो. खुद्द लिंगोच्या गीतातही भावांनी केलेला खून आहेच. शिवाय युद्ध न करता मिळालेल्या सुटकेची एक अडचण अशी की त्यात कोंडणाऱ्याचा न्याय होत नाही. महादेव जेथे होता तेथेच राहतो, त्याला कोणी जाब विचारत नाही, आणि म्हणून आजच्या गोंड विचारवंतांना ‘कोंडणारा नेमका कोण होता’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा काढावासा वाटतो. जंगल, जमीन आणि भाषा यांच्या बाबतीत ज्या समाजाला वारंवार बाजूला सारले गेले, त्याने आपल्या मूळकथेला हा प्रश्न विचारणे स्वाभाविकच आहे. २०११ च्या जनगणनेत सुमारे २९ लाख ८४ हजार लोकांनी आपली मातृभाषा गोंडी नोंदवली, तरीही राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत या द्रविड कुळातील भाषेला स्थान मिळालेले नाही.

दुसऱ्या बाजूला, टार्टरसचे बंद दार ग्रीकांनाही कायमचे पटले नाही. इ.स.पू. ४६२ मध्ये पिंडार या कवीने उत्तर आफ्रिकेतील सायरीनी नगराचा राजा आर्केसिलस याच्यासाठी रथशर्यतीतील विजयाचे जे स्तोत्र रचले, त्यात झ्यूसने टायटनांना पुढे मोकळे केले असा उल्लेख येतो. आणि तो उल्लेख सहज आलेला नाही, कारण त्याच स्तोत्रात पिंडार राजाला डेमोफिलस नावाच्या हद्दपार माणसाला परत घेण्याची विनंती करत आहे. एस्किलस या नाटककाराच्या, आज केवळ अवशेषरूपाने उरलेल्या, झ्यूसने बांधून ठेवलेल्या प्रॉमेथ्यूसच्या सुटकेवरील नाटकात तर बंधमुक्त टायटनच कोरस म्हणजे गायकवृंद होऊन रंगमंचावर येत होते. म्हणजे हेसिअडनंतर अडीचशे वर्षांच्या आतच ग्रीक कवींना असे वाटू लागले होते की ज्या राज्याला आपले जुने वैरी कधीच सोडता येत नाहीत, ते राज्य अजून पुरते स्थिर झालेले नाही. युद्धाची कथा सांगणाऱ्या समाजालाही अखेर सुटकेच्या कथेपर्यंत यावे लागले, फक्त वाट लांबची पडली.

दरेकसाच्या परिसरात ही सुटका दरवर्षी माघ पौर्णिमेला साजरी होते. कचारगडची यात्रा आजच्या रूपात १९८० च्या दशकात काही गोंड कार्यकर्त्यांनी आणि अभ्यासकांनी सुरू केली. आरंभी मोजकेच लोक येत, आज महाराष्ट्राबरोबरच मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशा, झारखंड अशा राज्यांतून येणाऱ्यांची संख्या लाखांत मोजली जाते. धनेगावात पिवळे फेटे आणि पिवळे झेंडे यांची दाटी होते, ‘जय सेवा’ हा नमस्कार कानी पडतो, ढोलाच्या तालावर नाच चालतात, गोंडी भाषेची पुस्तके, पंचांगे आणि कुळांची चिन्हे दाखवणारे तक्ते दुकानांत मांडले जातात, आणि एकमेकांना कधीही न भेटलेली माणसे पहिल्या दोन वाक्यांत आपले कूळ आणि देवांची संख्या सांगून आपण भाऊ की सोयरे हे ठरवून टाकतात. मराठी, हिंदी, छत्तीसगढी आणि तेलुगू बोलणाऱ्या, अनेक राज्यांत विखुरलेल्या लोकांना एका ठिकाणी आणणारे दुसरे साधन या समाजाजवळ फारसे नाही. मग जंगलवाटेने सगळे गुहेत जातात, पूर्वज कोंडले होते त्या जागी माथा टेकतात आणि आल्या वाटेने बाहेर पडतात.

पुराणकथांची थोरवी त्यांतील युद्ध किती भीषण होते यावरून सहसा मोजली जाते, आणि त्या मापाने ऑलिंपस व ऑथ्रिस यांच्यामधले दहा वर्षांचे युद्ध कोणत्याही कथेला भारी पडेल. पण युद्ध संपल्यावर तुरुंगाचे काय झाले हे माप लावले, तर दरेकसाची कथा वरचढ ठरते. टार्टरसचे दार बंद राहावे म्हणून तेथे अखंड पहारा ठेवावा लागला, आणि तो पहारा पूर्वीच्या बंदिवानांच्याच नशिबी आला. कचारगडला पहारेकरी नाही, कारण तेथे कोंडून ठेवायला कोणी शिल्लक ठेवलेले नाही.